सहाशे चाळीस डॉलर अठरा सेंट

बाबांच्या बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले त्याच आठवड्यात समोरच्या आजींनी मला बुटांचं एक जुनं खोकं आणून दिलं. दोन्हीचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, म्हणजे तेव्हा तरी तसं वाटलं होतं.

आम्ही ईस्ट पिओरियाला राहतो. इलिनॉय राज्यात, शिकागोपासून गाडीनं अडीच-तीन तास, नदीकाठचं गाव, बाहेर पडलं की मका आणि सोयाबीन, सोयाबीन आणि मका. बुलडोझरच्या कारखान्यामुळे इथं पुण्याकडची बरीच मंडळी येऊन जाऊन असतात, माझा नवरा त्यातलाच, मी एका शाळेच्या लायब्ररीत अर्धवेळ काम करते. समोरच्या आजी ८८ वर्षांच्या. इथल्या पद्धतीनं त्यांना पहिल्या नावानं हाक मारायची असते, ते मला बारा वर्षांत जमलेलं नाही, मी नुसतं हाय म्हणून वेळ मारून नेते आणि घरात आम्ही सगळे त्यांना आजीच म्हणतो. त्या घर विकून वृद्धांच्या सोसायटीत राहायला चालल्या होत्या त्यामुळे सामानाचे ढीग पडले होते, ठेवायचं, वाटायचं, टाकायचं असे तीन. खोकं कुठल्याच ढिगात बसेना.

खोक्यात बियाण्याच्या जुन्या पावत्या, कुणाकुणाची ख्रिसमसची कार्डं, आणि तळाला तपकिरी कापडी पुठ्ठ्याचं एक पासबुक. आजींच्या वडिलांच्या नावाचं. बँक इथून वीसेक मैलांवरच्या एका छोट्या गावातली, गावाचं नाव लिहीत नाही कारण त्या घराण्यातली माणसं अजून तिथं आहेत. आतल्या नोंदी शाईच्या पेननं, अक्षर असं सुंदर की आपल्याकडचे जुने तलाठी आठवावेत. शेवटची नोंद सप्टेंबर १९३२, शिल्लक ६४०.१८ डॉलर. त्याखाली काही नाही. पुढची सगळी पानं कोरी. पासबुकात एक बोटभर रुंदीची चिठ्ठी होती, ६४.०२ डॉलर मिळाल्याची, आणि चार घड्या घातलेला एक टाइप केलेला कागद होता जो घड्यांवर इतका विरला होता की मी तो तेव्हा उघडलाच नाही. आजी म्हणाल्या, तू लायब्ररीत असतेस, याचं पुढं काय झालं ते बघून सांगशील का, वडील या विषयावर घरात कधी बोलले नाहीत, बँक बुडाली एवढंच आम्हाला माहीत.

मी हो म्हटलं. त्याच रात्री दादाचा फोन आला.

आमचं गाव तालुक्याचं, बँक सहकारी, चार-पाच शाखा, स्थापना साठ-सत्तरच्या दशकातली, दर वर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार वगैरे. बाबा हायस्कूलमधून मुख्याध्यापक म्हणून रिटायर झाले आणि फंड-ग्रॅच्युइटीचे आठ लाख त्यांनी या बँकेत ठेवले कारण राष्ट्रीयीकृत बँकेपेक्षा व्याज जास्त आणि ज्येष्ठ नागरिकांना वर अर्धा टक्का. आणि मॅनेजर त्यांचाच विद्यार्थी. दादा म्हणाला, बँकेच्या दाराला नोटीस लागलीय, नवीन ठेवी बंद, नवीन कर्ज बंद, खात्यातून फक्त दहा हजार काढता येतील, बाबा सकाळी सातपासून पाण्याची बाटली घेऊन रांगेत उभे होते आणि सगळ्यांना सांगत होते, काळजी करू नका, मॅनेजर माझा विद्यार्थी आहे, गणितात हुशार होता.

तर माझ्या पुढच्या सहा-सात महिन्यांचं वेळापत्रक असं झालं. रात्री भारतातली सकाळ, त्यात बाबांच्या बँकेचे फॉर्म, आणि शनिवारी आजींची बँक.

शनिवारचं आधी सांगते. पिओरियाच्या लायब्ररीत जुनी वर्तमानपत्रं मायक्रोफिल्मवर आहेत. रीळ यंत्रात घालायचं, काचेखालून ओढून पलीकडच्या रिळात अडकवायचं आणि मूठ फिरवत बसायचं, जोरात फिरवलं की होडीत बसल्यासारखी मळमळ होते, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. मी सप्टेंबर १९३२ पासून सुरुवात केली. हूवर आणि रूझवेल्टच्या निवडणुकीचा धुरळा, हिवाळी कोटांच्या जाहिराती, आणि आतल्या पानावर रोज धान्याचे भाव. मक्याचा भाव बघून मला आधी वाटलं मी चुकीचा रकाना वाचतेय. त्या हिवाळ्यात इकडच्या कित्येक गावांत शेतकऱ्याच्या हातात बुशेलमागे दहा-बारा सेंट पडत होते, बुशेल म्हणजे मक्याचे साधारण पंचवीस किलो. कोळशापेक्षा मका स्वस्त म्हणून लोकांनी शेगडीत मका जाळला. हे मी पूर्वी ऐकलं होतं पण आपल्याकडे कांदा रस्त्यावर ओततात तसं काहीतरी असेल म्हणून सोडून दिलं होतं.

ऑक्टोबरच्या रिळात सापडली बातमी. सोळा ओळी. एका बाजूला चर्चच्या जेवणाची सूचना, दुसऱ्या बाजूला हरवलेल्या कुत्र्याची. संचालक मंडळाच्या ठरावानुसार बँक बंद, ताबा राज्याच्या ऑडिटरकडे, ठेवीदारांच्या हितासाठी हे पाऊल. ठेवीदारांच्या हितासाठी! दादानं मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या नोटिशीच्या फोटोत शब्दशः तेच होतं, मराठीत.

मग मी नादाला लागले. इतके दिवस माझ्या डोक्यात मंदी म्हणजे १९२९, शेअर बाजार, न्यूयॉर्क. प्रत्यक्षात खेड्यातली मंदी १९२० लाच सुरू झालेली. पहिल्या महायुद्धात धान्याला तुफान भाव होता, जमिनीचे भाव चढले, लोकांनी चढ्या भावात कर्ज काढून जमिनी घेतल्या, आणि १९२० मध्ये धान्य कोसळलं. कर्ज जुन्या भावाचं आणि मका नव्या भावाचा. १९२० च्या दशकात शहरात तेजी असताना देशात दर वर्षी सरासरी सहाशेच्या आसपास बँका बंद पडत होत्या आणि त्या बहुतेक अशा खेड्यातल्या. आणि बँका तरी किती, १९२१ ला जवळपास तीस हजार! कारण इलिनॉयसारख्या राज्यांत बँकेला शाखा काढायलाच बंदी होती. एक गाव, एक इमारत, एक बँक. गावचा मका पडला की बँकेला दुसरीकडून आधार नाही, ज्यानं कर्ज घेतलंय तो आणि ज्यानं ठेव ठेवलीय तो एकाच रस्त्यावर राहणारा. वर या छोट्या बँका आपला शिल्लक पैसा शहरातल्या मोठ्या बँकेत ठेवायच्या, आणि १९३२ च्या जूनमध्ये शिकागोतच बँकांवर धाड पडल्यासारखी गर्दी उसळली. तिथं माजी उपराष्ट्राध्यक्ष डॉज यांच्या बँकेला सरकारी महामंडळानं नऊ कोटी डॉलरचं कर्ज दिलं. आजींच्या गावाला ऑडिटर मिळाला.

१९३० ते १९३३ या चार वर्षांत नऊ हजारांच्या आसपास बँका गेल्या. ६ मार्च १९३३ ला रूझवेल्टनं देशभरच्या बँकांना सुट्टीच देऊन टाकली, १२ तारखेला रेडिओवरून लोकांना समजावलं आणि १३ पासून तपासून तपासून बँका उघडल्या, हा भाग सगळीकडे रंगवून सांगतात. पण आजींच्या गावची बँक तोवर पाच महिने आधीच गेलेली, तिला कसली सुट्टी.

आता रात्रीचं. आपल्याकडे ठेव विमा आहे, पाच लाखांपर्यंत, हे मला ऐकून माहीत होतं पण तो मिळतो कसा याची कल्पना शून्य. मला वाटलं ठेव विमा महामंडळाला अर्ज करायचा. तसं नाही. अर्ज आपल्याच बुडालेल्या बँकेत करायचा. संमतीपत्र, आधार, पॅन, आणि दुसऱ्या चालू बँकेतल्या खात्याचा तपशील. २०२१ च्या दुरुस्तीनंतर नियम असा झाला की निर्बंध लागल्यापासून ४५ दिवसांत बँकेनं ठेवीदारांची यादी महामंडळाकडे द्यायची, मग तपासणी, आणि ९० दिवसांत पैसे. पूर्वी परवाना रद्द होऊन अवसायक, म्हणजे बँक गुंडाळणारा अधिकारी, नेमेपर्यंत लोक वर्षानुवर्षं नुसते बसून राहायचे, त्या मानानं हे फारच बरं म्हणायचं. कागदावर.

प्रत्यक्षात काय झालं तर बाबांचं नाव. बँकेत नुसती आद्याक्षरं आणि आडनाव, आधारवर पूर्ण नाव वडिलांच्या नावासकट, पॅनवर आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक जादा अक्षर. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांच्या दाखल्यांवरची नावं दुरुस्त करणारा माणूस, स्वतःचं नाव तीन कागदांवर तीन प्रकारचं. काउंटरवरची मुलगी म्हणाली मंगळवारी या. मंगळवारी म्हणाली प्रतिज्ञापत्र आणा. दादानं पुण्याहून दोनदा हेलपाटा मारला. मी इथून रात्री एक-दीड वाजता फॉर्मची पीडीएफ भरून पाठवायची, बाबा ती गावात प्रिंट करायचे आणि मग फोन करून विचारायचे, अगं इथं 'क्षमता' म्हणजे काय लिहायचं?

ही 'क्षमता', म्हणजे ठेव एकट्याची की जॉइंट, भानगड मात्र सगळ्यांनी नीट समजून घ्या. विमा पावतीमागे नसतो, शाखेमागेही नसतो. एका माणसाच्या एकट्याच्या नावावरच्या त्या बँकेतल्या सगळ्या ठेवी एकत्र करून, व्याजासकट, पाच लाख. पण जॉइंट ठेव असेल तर ती वेगळी मोजतात. बाबांच्या एकट्याच्या नावावर आठ लाख, व्याज धरून आठ लाख चौतीस हजार झाले होते. त्यातले पाच मिळणार. शिवाय दोन लाखांची एक पावती दोघांच्या नावावर होती कारण आई त्या वेळी अडून बसली होती, एका तरी कागदावर माझं नाव घाला. तेव्हा बाबा म्हणाले होते कशाला उगाच दोन सह्यांची कटकट. ती पावती व्याजासकट पूर्ण सुटली. आईनं अजून त्यावरून एक शब्द काढलेला नाही, आणि बाबांना तेच जास्त लागलंय.

पैसे आले. पेन्शनच्या खात्यात, एका दुपारी, मेसेज वाजला आणि बाबांनी तो मेसेज मला फॉरवर्ड केला, खाली नुसता नमस्काराचा इमोजी. उरलेले तीन लाख चौतीस हजार अडकले. पुढं बँकेचा परवाना गेला, सहकार खात्यानं अवसायक नेमला. आता तो कर्जं वसूल करणार, इमारती विकणार, त्यातून आधी विमा महामंडळाचे पैसे परत जाणार आणि मग उरलं तर बाबांसारख्यांना. कर्जं कोणाला गेली हे गावात पोरासोरांना माहीत आहे. इथं मक्याच्या भावाला दोष देता येत नाही, एवढाच काय तो फरक.

याच काळात मला एक गोष्ट सापडली आणि मी खरंच खुर्चीतून उठून नवऱ्याला हाका मारल्या. अमेरिकेत ठेव विमा सुरू झाला १ जानेवारी १९३४ ला, आधी २,५०० डॉलरपर्यंत आणि त्याच वर्षी मधेच तो ५,००० केला. आणि विमा लागू झाल्यावर बुडालेली पहिली बँक कुठली, तर फाँडुलॅक स्टेट बँक, ईस्ट पिओरिया. आमचंच गाव! ३ जुलै १९३४ ला देशातला पहिला विम्याचा चेक इथल्या एका बाईला मिळाला, १,२५० डॉलरचा, पूर्ण. मी रोज जिथून दूध आणते त्या गावात. आजींच्या वडिलांची बँक इथून वीस मैलांवर आणि बुडाली दोनेक वर्षं आधी, एवढ्या फरकानं त्या विम्याच्या अलीकडे राहिली. आपल्याकडेही असंच आहे. १९६० ला केरळातली पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, मग कायदा झाला आणि १ जानेवारी १९६२ पासून विमा आला, तेव्हा १,५०० रुपयांचा. म्हणजे बाबांच्या खात्यात आलेल्या त्या पाच लाखांना अकोल्याच्या ठेवीदारांचा हात लागलेला आहे, त्यांना स्वतःला त्याचा उपयोग नव्हता.

पण वर्तमानपत्रात पुढचं मिळेना. ठेवीदारांनी पासबुक घेऊन दावे दाखल करावेत अशी रिसीव्हरची, म्हणजे तिकडच्या अवसायकाची, जाहिरात आठवड्यामागून आठवडे येत राहिली, १९३३ च्या सप्टेंबरात दहा टक्के वाटप झाल्याची दोन ओळींची बातमी (६४.०२ ची चिठ्ठी ती हीच), आणि मग बँक बातम्यांतून गायब. मग पेकिनला गेले, पेकिन म्हणजे आमच्या टॅझवेल काउंटीची कचेरी. खिडकीतल्या बाईंनी साल विचारलं, मी १९३२ म्हटलं, त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. एवढं जुनं दफ्तर नॉर्मलच्या विद्यापीठात असतं म्हणाल्या. नॉर्मल हे गावाचं नाव आहे. पाऊण तास गाडीनं, वाटेत दोन्हीकडे मका.

तिथं पेन आत नेऊ देत नाहीत, फक्त पेन्सिल. पिशवी लॉकरमध्ये. मग एक राखाडी पेटी आणून ठेवली आणि मी दुपारभर त्यात बुडाले. वसुलीच्या यादीत प्रत्येक कर्जापुढे शेरा. शेत गेलं. म्हातारा वारला, विधवेकडे दोन गाई. आयोवाला निघून गेला. थोडे थोडे देतो. बँकेच्या सामानाची यादी तर मी पेन्सिलीनं पूर्ण उतरवून घेतली. लोखंडी तिजोरी, भिंतीवरचं घड्याळ, बेरजेचं यंत्र, कोळशाची शेगडी, चार खुर्च्या, आणि एक पितळी पिकदाणी जी ३५ सेंटला गेली. कोणी घेतली असेल ती!

भागधारकांची यादी वाचून मात्र वाईट वाटलं. इलिनॉयमध्ये तेव्हा बँकेच्या भागधारकावर दुप्पट जबाबदारी असायची, म्हणजे शंभर डॉलरचा शेअर बुडाला तर बुडालाच, वर आणखी शंभर खिशातून भरायचे, ठेवीदारांसाठी. गावचा डॉक्टर, पंधरा शेअर, म्हणजे दीड हजार भरायचे. पुढे शेरा, तीनशे जमा, बाकी वसूल होण्यासारखी नाही. मला आमच्या संचालकांची आठवण झाली. हा नियम इथं पुढं रद्द झाला, आणि का झाला तेही कळतं कारण गावातली बरी माणसंच त्यात भरडली गेली, तरीपण माझ्या मनात एक क्षण आलं की आपल्याकडे एखाद्या वर्षापुरता आणून बघावा.

शेवटच्या अहवालाची तारीख १९३९. म्हणजे बँक एका सकाळी बंद झाली आणि ती बंद होणं संपायला सात वर्षं गेली. एकूण वाटप, १०, मग १५, मग १०, मग साडेसात. बेचाळीस पूर्णांक पाच टक्के. मी लगेच हिशोब केला, ६४०.१८ चे २७२.०८. पण यादीत आजींच्या वडिलांच्या नावापुढे पहिल्या हप्त्यानंतर रेघ मारलेली आणि दुसरंच नाव लिहिलेलं. बाकीचे तिन्ही हप्ते त्या दुसऱ्या नावावर.

घरी येऊन मी तो चार घड्यांचा कागद टेबलावर ठेवला आणि चिमट्यानं उघडला. मार्च १९३४. यापुढे या दाव्यावर जे काही मिळेल त्याचा हक्क मी अमुक यांना ८० डॉलर रोख घेऊन देत आहे. खाली सही. घेणारा शेतीची अवजारं विकणारा दुकानदार होता, हे मला वर्तमानपत्रातल्या जाहिरातींमुळे माहीत होतं, एव्हाना त्या गावातल्या निम्म्या लोकांना मी ओळखायला लागले होते.

मार्च म्हणजे पेरणीच्या आधी. आदल्या शरदात सरकारनं भाव चढावेत म्हणून देशभरातून साठ लाखांच्या आसपास डुकराची पिल्लं विकत घेऊन मारली होती, आजी म्हणायच्या की त्यांच्या घरचीही त्यात गेली. म्हणजे हातात थोडे पैसे आले असतील आणि देण्यात गेले असतील. मार्चमध्ये बी हवं. ऐंशी डॉलर. आणि १९३४ चं साल असं की उन्हाळ्यात पाऊस नाही, वर बारीक किड्यांची धाड, इथली पिकं वाळून गेली. दुकानदाराला त्या ऐंशीचे पाच वर्षांत २०८.०६ मिळाले.

मला राग आला. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीच्या एका मेलेल्या दुकानदाराचा राग.

आणि हे नेमकं त्याच पंधरवड्यात जेव्हा बाबांकडे एक माणूस आला. पूर्वी याच बँकेचा पिग्मी एजंट होता, रोज संध्याकाळी दुकानं फिरून वीस-पन्नास रुपये गोळा करणारा. बँक बंद झाल्यावर लोकांनी शिव्या यालाच घातल्या कारण संचालक दिसतात कुठे, हा रोज दिसतो. आता कोणासाठी तरी फिरत होता. पाच लाखांवरच्या अडकलेल्या रकमेचे रुपयाला तीस पैसे, म्हणजे बाबांना लाखभर, रोख, स्टॅम्प पेपरवर सही. पुढं त्याचं काय करतात हे त्याला विचारलं तर म्हणाला सर ते वरचे बघतात. जळगावकडच्या एका पतसंस्थेच्या प्रकरणात ठेवीदारांच्या पावत्या असल्याच भावात घेऊन कर्जदारांच्या कर्जात वळत्या केल्याचे आरोप झाले होते ते मी पेपरात वाचलेलं, त्यामुळे माझं डोकंच फिरलं. मी फोनवर जवळजवळ ओरडले, बाबा अजिबात सही करायची नाही. आणि मग त्यांना सगळी गोष्ट सांगितली, पासबुक, मार्च १९३४, ऐंशी डॉलर, दोनशे आठ डॉलर, सगळं.

बाबा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, त्याला बियाण्याला पैसे हवे होते ना?

मी म्हटलं हो, पण थांबला असता तर.

"तू हिशोब एकोणचाळीस सालात बसून करतेयस," बाबा म्हणाले. "तो चौतीस सालात बसला होता."

त्यांना एक लाख कशाला हवेत हे मला तेव्हा कळलं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन. मला न सांगण्याचं दोघांचं ठरलेलं, कारण मी इथून पैसे पाठवीन आणि ते त्यांना नको होतं. त्यावर मग जे काही झालं ते आमच्या घरातलं आहे, लिहीत नाही. ऑपरेशन झालं. सही झाली नाही. पावत्यांच्या झेरॉक्स आणि अवसायकाच्या कार्यालयाची पोच बाबांच्या कपाटात, दिवाळी अंकांच्या खाली. नवीन पैसे आता पोस्टात. आजींचे वडीलही त्यानंतर पोस्टातच ठेवायचे म्हणे, इथं १९६० च्या दशकापर्यंत पोस्टात बचत खातं असायचं, दोन टक्के व्याज. बँकेच्या पायरीवर ते मरेपर्यंत चढले नाहीत.

आजींना सांगायचं की नाही यावर मी दोन आठवडे घालवले. नवरा म्हणाला, त्यांनी विचारलंय तर सांग, एवढं काय. सामान हलवायच्या आदल्या दिवशी गेले. घर जवळजवळ रिकामं, दोन खुर्च्या आणि एक दिवा. मी पेन्सिलीनं लिहिलेला माझा कागद त्यांच्या पुढ्यात ठेवला, एकेक टक्का समजावून सांगितला, सात वर्षं, पिकदाणीही सांगितली, त्यावर त्या खूप हसल्या. मग तो घडीचा कागद दाखवला आणि नाव वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, हो, हे चर्चमध्ये आमच्या पुढच्या बाकावर बसायचे, बायको ऑर्गन वाजवायची. आवाजात काहीच नाही, राग नाही, काही नाही. मी घाईघाईनं सांगितलं की त्या काळात हे सर्रास चालायचं, कायदेशीर होतं वगैरे, पण त्या ऐकत नव्हत्या, भिंग घेऊन रकमेवर वाकल्या होत्या.

"ऐंशी?" त्या म्हणाल्या. "आई आम्हाला नेहमी शंभर सांगायची."

मग त्यांनी कागद जुन्याच घड्यांवर मिटला, पासबुकात ठेवला, आणि खोकं उचलून ठेवायच्या ढिगात नेऊन ठेवलं.